पंधरा शटरं, सात डॅम्पर

प्रकरण पुण्यातलं, कर्वेनगरच्या एका जुन्या सोसायटीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं. स्वयंपाकघर २००५ च्या सुमारास करून घेतलेलं, तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतीनं. ओट्याखाली कडप्प्याची उभी पार्टिशनं, वर काळा ग्रॅनाइट, कडप्प्याला लाकडी पट्ट्यांची चौकट आणि त्या चौकटीवर सनमायका लावलेली प्लायची शटरं. ओट्याच्या वर १८ एमएम प्लायची ओव्हरहेड कॅबिनेट, चिमणीच्या डोक्यावर वर उचलायचं एक शटर आणि दारावर माळा. सगळं सुतारानं जागेवर बसून केलेलं. कारखान्यातून कापून आणलेलं त्यात काहीच नव्हतं, आणि पुढे हे फार महत्त्वाचं ठरलं.

तक्रार आवाजाची होती. घरातल्या काकूंचा मुलगा अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, पहाटे झोपतो. त्याची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चार इंची विटांची भिंत, आणि ओव्हरहेडची सहा शटरं नेमकी त्याच भिंतीवर. काकूंचा चहा-पोळीचा उद्योग सातला सुरू होतो.

“अगं, मी काय मुद्दाम आपटते का? हात सोडला की ते आपलं आपण जाऊन आदळतं,” काकू म्हणाल्या. आपलं आपण जातं म्हणजे बिजागरीतली स्प्रिंग शाबूत आहे. निम्मं निदान त्यांनीच करून दिलं होतं.

हे काम दुरुस्तीसाठी माझ्याकडे येण्याआधी दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. एका मॉड्युलर किचनच्या दुकानानं सगळं उखडून नवं करायचं कोटेशन दिलं होतं. मग मुलानं ऑनलाइन डॅम्परचं, म्हणजे दार आपटू नये म्हणून आतून चिकटवायच्या छोट्या नळ्यांचं, पाकीट मागवलं आणि एका रविवारी सगळ्या शटरांना एकेक लावून टाकला. महिनाभरात त्यातले निम्मे गळून पडले. एक तर थेट तुरीच्या डाळीच्या डब्यात सापडला. जे टिकले त्यांच्यातल्या एका शटरनं बोटभर उघडं राहायची सवय लावून घेतली, आणि चिमणीशेजारची दोन तर अर्ध्यात लोंबकळायला लागली. “आधी निदान लागत तरी होती,” हा काकूंचा मुद्दा बिनतोड होता.

डॅम्परचं काम काय

डॅम्पर दार लावत नाही, हे आधी समजून घेतलं पाहिजे. दार लावते ती बिजागरीतली स्प्रिंग. ज्याला मिस्त्री लोक ऑटो हिंज म्हणतात, ती शटरच्या आतल्या बाजूला ३५ एमएमच्या गोल खड्ड्यात कप बसवलेली बिजागरी शेवटच्या वीस-पंचवीस अंशांत दार आत खेचून घेते. डॅम्पर फक्त त्या खेचण्याला आवर घालतो. त्याच्या नळीत घट्ट सिलिकॉन तेल असतं आणि पिस्टन त्यातून वाट काढत सरकतो. पाण्यात हात हळू फिरवला तर काही जाणवत नाही आणि जोरात फिरवला तर पाणी अडवतं, तसंच इथेही आहे. दार हळू आलं तर डॅम्पर जवळपास गप्प राहतो, धाडकन आलं तर तेवढ्याच नेटानं अडवतो. शिवाय दार पुन्हा उघडल्यावर पिस्टन बाहेर यायला हवा, म्हणून आत एक बारीक स्प्रिंग असते. ही स्प्रिंग दाराला सतत बाहेर ढकलत असते. थोडं, पण सतत.

आता वीस वर्षं आपटत आलेल्या शटरचा विचार करा. ते आपटतं म्हणजे वेगानं येतं. त्या वेगाच्या जोरावर ते शेजारच्या शटरला घासत असलं तरी लागतं, बिजागरीत चिकटा साठला असला तरी लागतं, स्क्रू ढिला होऊन खाली झुकलं असलं तरी लागतं. दोष असतात, पण धक्क्याखाली झाकलेले असतात. डॅम्पर लावला की तो वेगच काढून घेतला जातो आणि जे इतकी वर्षं कुणाला दिसलं नव्हतं ते एका दिवसात उघडं पडतं. मुलाच्या पाकिटातले डॅम्पर स्वस्तातले होते हे खरं, पण ब्लुम किंवा हेटिच अशा नावाजलेल्या कंपन्यांचे लावले असते तरी त्या कॅबिनेटवर हेच झालं असतं.

सॉफ्ट क्लोज, म्हणजे दार न आपटता हळू लागण्याची सोय, ही काही कालची गोष्ट नाही. ऑस्ट्रियातल्या ब्लुम कंपनीनं ब्लुमोशन या नावानं हा प्रकार २००१ मध्येच बाजारात आणला होता. हे स्वयंपाकघर झालं तेव्हा तो जगात होता, फक्त आपल्याकडच्या सुताराच्या पिशवीत पोहोचला नव्हता.

पाहणी

पहिलं काम म्हणजे मुलानं लावलेले सगळे डॅम्पर काढले. मग मिस्त्री आणि मी प्रत्येक शटरची तपासणी केली. वहीत पंधरा ओळी: भिंतीवरची सहा, चिमणीशेजारची दोन, चिमणीवरचं एक, सिंकखालची दोन, सिलिंडरच्या कप्प्याचं एक, कोपऱ्यातलं एक आणि माळ्याची दोन.

तपासणीला कसलंही यंत्र लागत नाही. शटर वीतभर उघडून हात सोडायचा. आत खेचलं गेलं तर स्प्रिंग आहे, जागच्या जागी थांबलं तर गेली. मग हँडलची कड बोटानं वर उचलायची. खुळखुळलं तर स्क्रू ढिले. मग दोन शटरांमधली फट पाहायची. वरपासून खालपर्यंत सारखी तीनेक एमएम हवी. शेवटी शटर अगदी हळू, हातानं धरून लावायचं. ही चाचणी सगळ्यांत बोलकी, आणि नेमकी तीच कुणी करत नाही. हळू लावताना ज्या जागी अडखळतं तिथेच डॅम्पर लावल्यावरही अडखळणार.

मी आणखी एक गोष्ट केली. पलीकडच्या खोलीत जाऊन भिंतीला तळहात टेकवून उभी राहिले आणि मिस्त्रीला एकेक शटर आपटायला सांगितलं. ओट्याखालची शटरं आपटली तर आवाज कानाला येतो, हाताला काही कळत नाही. ओव्हरहेडची आपटली की भिंत हाताखाली दणकते. त्यातही मधल्या कप्प्याची दोन शटरं सगळ्यांत वाईट. कॅबिनेटच्या मधल्या पट्टीला धरून हलवलं तर कारण सापडलं: भिंतीतल्या दोन गिट्ट्या, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारे प्लग, सैल झाल्या होत्या आणि अख्खं खोकं केसभर डुलत होतं. आत डाळी, रवा, पोहे आणि पितळेचे दोन जुने डबे. डॅम्परचं सोडाच, हे आधी घट्ट करणं भाग होतं. नव्या लांब गिट्ट्या मारल्या, पलीकडच्या खोलीच्या प्लास्टरला पोपडे येणार नाहीत एवढीच खोली धरून. तेवढ्यानंच भिंतीतला दणका निम्म्यावर आला. एकही डॅम्पर न लावता.

भिंतीवरची सहा

हे एकच लांब खोकं होतं, आठ फुटांचं, मध्ये दोन उभी पार्टिशनं, प्रत्येक कप्प्याला दोन शटरं. दोन्ही टोकांच्या शटरांना झिरो क्रँक, म्हणजे सरळ दांड्याची बिजागरी, कारण तिथे शटर कडेची पट्टी पूर्ण झाकतं. मधल्या चारांना आठ क्रँक, म्हणजे बाक दिलेल्या दांड्याची, कारण एकाच १८ एमएमच्या पार्टिशनवर डावीकडचं आणि उजवीकडचं अशी दोन शटरं येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम आठ एमएम येतात.

डॅम्परचे मुख्य प्रकार तीन. एक बिजागरीच्या दांड्यावर क्लिप होणारा, पण तो त्याच कंपनीच्या त्याच मालिकेच्या बिजागरीवर बसतो. इथे बिजागऱ्यांवर कुठलंच नाव नव्हतं. दुसरा कॅबिनेटच्या कडेत भोक पाडून आत घालायचा. दिसायला सगळ्यांत नेटका, आणि मिस्त्रीचा कल त्याच्याकडेच होता. पण त्याला १० एमएम व्यासाचं, साधारण ५० एमएम खोल भोक लागतं. १८ एमएमच्या कडेत ते बरोब्बर मध्ये पाडलं तर दोन्हीकडे चार-चार एमएम प्लाय उरतं. प्लायच्या कडेत हातानं ड्रिल मारताना बिट थरांच्या मधून वाट काढत तिरकं जातं आणि सनमायक्याला आतून फुगा येतो. टोकाच्या दोन पट्ट्यांना जपून जमलं असतं. मधल्या पार्टिशनवर मात्र एका कडेत दोन शटरांचे दोन डॅम्पर कसे बसवणार? तिथे जागाच नाही.

राहिला तिसरा, प्लास्टिकच्या घरात बसवलेला, स्क्रूनं आतून लावायचा. दिसायला थोडा ओबडधोबड, पण शटर उघडल्याशिवाय दिसत नाही. आम्ही तोच घेतला आणि खोक्याच्या वरच्या फळीला आतून लावायचं ठरवलं. खालच्या फळीवर लावला तर डबा आत-बाहेर करताना रोज धडक बसते.

पण आधी दुरुस्ती. दोन शटरांच्या बिजागरीचे स्क्रू प्लायमध्ये नुसते गोल फिरत होते. तिथे भोक ८ एमएमचं करून सागाची खुंटी फेविकॉल लावून ठोकली, रात्रभर वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी बारीक पायलट भोक पाडून नवा स्क्रू मारला. काडेपेटीच्या काड्या भरायची पद्धत मला ठाऊक आहे, माझ्या माहेरच्या घरात अजून तशा आहेत. पण रोज वीस वेळा उघडणाऱ्या शटरला त्या पुरत नाहीत. मग बिजागरीवरचा आडवा सरकवायचा स्क्रू फिरवत प्रत्येक जोडीतली फट सारखी केली. मधल्या कप्प्यात दोन शटरांच्या कडा एकमेकींना खालच्या बाजूला चक्क टेकत होत्या, तिथली सनमायक्याची कड घासून पांढरी पडली होती. बोटभर उघडं राहणारं शटर यातलंच एक.

त्याच्या उघडं राहण्याला दुसरंही कारण होतं: मुलानं डॅम्पर हँडलच्या बाजूला चिकटवला होता. तिथे हात सहज पोहोचतो म्हणून बहुतेक लोक तिथेच लावतात. या डॅम्परचा पिस्टन साधारण १० एमएम आत जाणारा. ४०० एमएम रुंदीच्या शटरवर, बिजागरीच्या अक्षापासून ४० एमएमवर डॅम्पर लावला, तर दार शेवटच्या साडेचौदा अंशांत असताना पिस्टनला टेकतं. म्हणजे हँडलची कड अजून दहा सेंटिमीटर लांब असताना. १०० एमएमवर लावला तर हे अंतर चार सेंटिमीटरवर येतं. हँडलच्या बाजूला लावला तर उरतो एकच सेंटिमीटर. तेवढ्या जागेत वेगात आलेलं दार अडवायचं म्हणजे आवाज थोडा दबतो, धक्का तसाच राहतो. त्यातून पिस्टनची ती बाहेर ढकलणारी बारीक स्प्रिंग. ती बिजागरीजवळ असताना तिचा जोर कुणाला जाणवतही नाही, पण हँडलजवळ नेली की तिला लांब तरफ मिळते आणि बिजागरीची म्हातारी स्प्रिंग तिच्यापुढे हरते. दार बोटभर उघडं.

उलट अगदी बिजागरीला चिकटवला तर डॅम्पर लवकर काम सुरू करतो, पण त्याची पकड सौम्य पडते, कारण तिथे शटर पिस्टनला फार हळू दाबत असतं. म्हणून योग्य जागा पुस्तकात सापडत नाही, त्या शटरवरच सापडते. मिस्त्री पहिल्याच फटक्यात स्क्रू मारायला निघाले होते. मी म्हटलं, “मिस्त्री, आधी टेपवर.” दुहेरी चिकट टेपनं डॅम्पर तात्पुरता लावला, शटर वीतभर उघडून सोडलं, मग मुद्दाम ढकललं, मग दोन्हीमध्ये समाधान होईपर्यंत आत-बाहेर सरकवलं. सहापैकी पाच शटरांवर जागा ६० एमएमच्या आसपास आली. तिथे शेवटचे साडेसहा सेंटिमीटर डॅम्परच्या ताब्यात येतात. सहाव्याची स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा मऊ होती, त्याला ४० वर आणावं लागलं. मग पेन्सिलची खूण, आणि मगच स्क्रू. शटरं प्रत्येकी तीन-साडेतीन किलोची होती, त्यामुळे एकेक डॅम्पर पुरला. याच्या दुप्पट वजनाचं शटर असतं तर एक वर, एक खाली लावावा लागला असता.

स्क्रूची लांबी पाहून घ्यावी. १६ एमएमचा स्क्रू १८ च्या फळीत, डॅम्परच्या प्लास्टिकची जाडी धरून, निर्धास्त बसतो. पिशवीत हाताला येईल तो पंचवीसचा मारला तर वरून टोक बाहेर येतं आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत कुणाचा तरी हात चिरतो.

चिमणीशेजारची दोन

या दोघांना डॅम्पर लावायचाच नाही हे पहिल्या तपासणीत ठरलं. वीतभर उघडून सोडलं तर दोन्ही जागच्या जागी थांबत होती. मिस्त्रीनं एक बिजागरी काढून हातात दिली. कप पिवळट तपकिरी चिकट्यानं गच्च भरलेला, आणि त्या थरात रुतून बसलेला मोहरीचा एक दाणा. चिमणी नावाला होती, तिच्या जाळ्या कधी धुतल्या गेल्या असतील देव जाणे. वीस वर्षांच्या फोडण्यांची वाफ या दोन शटरांवर बसली होती. कोमट पाण्यात सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासल्यावर कळलं की एका बिजागरीची स्प्रिंग तुटलीच आहे, दुसरीच्या पिना झिजून दांडा डुगडुगतो आहे. मिस्त्रीला तेलाचा स्प्रे मारायचा होता. स्वयंपाकघरात बिजागरीला तेल म्हणजे पुढच्या चिकट्याला आमंत्रण, त्यामुळे मी नको म्हटलं. तसंही तुटलेल्या स्प्रिंगला तेलाचा काय उपयोग?

दोन्ही शटरांना आतच डॅम्पर असलेल्या सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या घेतल्या. बाहेरून पाहता हे पाच मिनिटांचं काम वाटतं: जुनी काढा, नवी लावा, कप तर दोन्हींचा ३५ एमएमच. अडचण कपाच्या बाजूच्या दोन स्क्रूंची असते. जुन्या बिजागरीच्या स्क्रूंमधलं अंतर ४८ एमएम, नव्याचं ५२. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन एमएमचा फरक. नवं भोक थेट पाडलं तर ते जुन्यात घुसतं आणि स्क्रूला धरायला काही उरत नाही. बिजागरी विकत घेण्याआधी हे अंतर पट्टीनं मोजून दुकानात सांगावं, कित्येकदा ४८ वाली मिळून जाते. आम्हाला हव्या त्या क्रँकमध्ये नाही मिळाली, म्हणून इथेही जुनी भोकं खुंट्या ठोकून बुजवली आणि नवी पाडली.

कॅबिनेटच्या बाजूची, बिजागरीचा दांडा जिच्यावर बसतो ती प्लेट हा दुसरा घोळ. कारखान्याच्या मालात प्लेटची भोकं कडेपासून ३७ एमएमवर आणि एकमेकांपासून ३२ वर असतात. जागेवर केलेल्या कामात सुतारानं त्या दिवशी जे योग्य वाटलं ते असतं. इथे वरची प्लेट ४० वर होती, खालची ३८ वर. जुनी बिजागरी तिच्या आत-बाहेर सरकवायच्या स्क्रूवर हा फरक पोटात घालून बसली होती. नव्या प्लेट आम्ही गुण्या (सुताराचा काटकोन) लावून ३७ वर नव्यानं मारल्या.

लावल्यावर गंमत झाली. शटर इतकं हळू लागायला लागलं की काकू हात धुऊन आल्या तरी ते वाटेतच. छोट्या, हलक्या शटरला दोन-दोन डॅम्पर झाले की असं होतं. घेतलेल्या बिजागरीच्या दांड्यावर डॅम्पर बंद करायची लहानशी कळ होती, ती खालच्या बिजागरीवर बंद केली आणि सगळं ताळ्यावर आलं. सगळ्याच बिजागऱ्यांना अशी कळ नसते. नसेल तर एक सॉफ्ट क्लोज आणि एक त्याच मापाची साधी लावावी.

ओट्याखाली आणि बाकीचं

सिंकखालच्या दोन शटरांची खालची कड फुगून थर सुटले होते. तिथे कुठलीही बिजागरी लावली तरी स्क्रू धरत नाही. आधी सिंकच्या वेस्ट पाइपची गळती बंद केली, मग आयएस ७१० च्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायची नवी शटरं, चारही कडा नीट बंद करून, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्यांवर बसवली. गळती तशीच ठेवून शटरं बदलणारे लोक मी पाहिलेत. दोन पावसाळ्यांत पुन्हा फोन येतो.

सिलिंडरच्या कप्प्याचं शटर ठणठणीत होतं, बिजागऱ्याही चांगल्या. इथे सातवा डॅम्पर लागला, पण लावायचा कशाला? बाजूला कडप्पा. कडप्प्यात कडेजवळ भोक पाडायला गेलं की त्याचा पापुद्रा सुटतो. आणि समोरची लाकडी पट्टी इतकी अरुंद की डॅम्परचं घर तिच्यावर मावेना. शेवटी पट्टीच्या मागच्या अंगाला सागाचा एक ठोकळा स्क्रू आणि फेविकॉलनं जोडला आणि डॅम्पर त्यावर बसवला. पुण्या-मुंबईच्या जुन्या घरांत ओट्याखाली डॅम्पर लावायचा तर बहुतेक वेळा असा ठोकळा लागतोच, तो मजुरीत आधीच धरावा. या शटरच्या खालच्या फटी मिस्त्रीला पट्टी मारून बंद करायच्या होत्या, छान दिसावं म्हणून. ते करू दिलं नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. त्याला बाहेर पडायला खालचीच फट लागते.

कोपऱ्यातल्या शटरला १६५ अंश उघडणारी बिजागरी होती. तिचा दांडा उघडताना एवढी जागा घेतो की बिजागरीजवळ डॅम्परला जागाच नाही, आणि लांब लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. तिथे कडेला पारदर्शक रबरी बटणं चिकटवली, कड आधी स्पिरिटनं पुसून. माळ्याच्या दोन शटरांना साध्या पितळी बिजागऱ्या आणि लोहचुंबकाचे कॅच. त्यांच्यात खेचणारी स्प्रिंग नाही, म्हणजे डॅम्परनं आवर घालायला काही नाही. उलट त्याचा पिस्टन दार चुंबकापासून दूर ढकलणार. तिथेही रबरी बटणं. माळा वर्षातून चार वेळा उघडतो, त्याचा आवाज मुलाला झेपेल.

चिमणीवरचं वर उचलायचं शटर धाडकन खाली यायचं ते त्याला तोलून धरणारा गॅस पंप मेल्यामुळे. पंप बदलला, विषय संपला. यालाही मुलानं डॅम्पर चिकटवला होता.

हिशेब

सातही डॅम्परांची मिळून किंमत मिस्त्रीच्या एका दिवसाच्या मजुरीएवढीही झाली नाही. खर्चाचा मोठा भाग सिंकखालच्या नव्या शटरांचा आणि मजुरीचा, आणि मजुरीतला मोठा भाग खुंट्या, गिट्ट्या, फटी आणि साफसफाईचा. मुलाला हे थोडं खटकलं. “म्हणजे मी पैसे डॅम्परला दिलेच नाहीत,” तो म्हणाला. खरंच नाही दिले. दुकानाच्या कोटेशनच्या तुलनेत रक्कम किरकोळ होती, हेही त्यालाच आधी दिसलं.

सगळी शटरं एकसारखी लागत नाहीत, यावर काकूंची नाराजी मात्र राहिली. भिंतीवरची सहा एका चालीनं लागतात, चिमणीशेजारची दोन जास्त रेशमी, कोपऱ्यातलं अजून टक्क वाजतं. एकसारखेपणा हवा असेल तर पंधराही शटरांना नव्या बिजागऱ्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि चांगल्या चालणाऱ्या बिजागऱ्या केवळ त्यासाठी फेकणं मला पटत नाही. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असतं तरी मी आधी नको म्हटलं असतं.

पावसाळ्यानंतर एकदा जाऊन आले. प्लाय हवेनं थोडं हललं होतं, मधल्या कप्प्याची फट पुन्हा कमी झाली होती आणि एक शटर शेवटच्या क्षणी अडखळत होतं. आडव्या स्क्रूला अर्धा फेरा दिला, सुटलं. हा स्क्रू कुठला आणि कुठल्या दिशेनं फिरवायचा ते मुलाला दाखवून ठेवलं. डिसेंबरात त्याचा मेसेज आला की सकाळी शटरं फार हळू लागताहेत, डॅम्पर बिघडले का? बिघडले नव्हते. थंडीत तेल घट्ट होतं, दुपारी पुन्हा नेहमीसारखं चालतं. एका डॅम्परच्या टोकाशी मात्र तेलाचा ओघळ दिसला आणि ते शटर पुन्हा आपटायला लागलं होतं. नळीचं सील गेलं की त्यावर दुरुस्ती नाही. डॅम्परचं प्लास्टिकचं घर तसंच ठेवून आतली नळी तेवढी ओढून काढली आणि त्याच मापाची नवी सरकवली. जादाच्या दोन आधीच घेऊन माळ्यावर ठेवलेल्या होत्या.